साठ आलं पाहिजे!

मित्रमैत्रिणींनो, शीर्षक वाचून 'फर्स्ट क्लासवर कुणीतरी उपदेश केलेला दिसतोय' असं म्हणून पान उलटणार असाल, तर जरा थांबा. हे साठ टक्के नव्हेत, साठ ओहम आहेत. आणि या साठ ओहमनी मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझं जे हसं केलं, तसं आजवरच्या एकाही ओरलला झालं नव्हतं!

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. कुणी 'एकोणऐंशी' म्हटलं की मी अजूनही मनात इंग्रजीत मोजते. त्यामुळे भाषेत काही खटकलं तर सांभाळून घ्या. पण हा विषय मराठीतच लिहायचा असं मी ठरवलं होतं. का, ते शेवटी कळेल.

तर मंडळी, माझ्या मामाचा संगमनेरजवळ खडी क्रशर आहे. खाणीतला दगड काढायला एक पोकलेन आहे. (पोकलेन हे मूळ एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण आपल्याकडे साखळीवर चालणाऱ्या कुठल्याही एक्सकॅव्हेटरला पोकलेनच म्हणतात. मामाचं मशीन कुठल्या कंपनीचं, ते इथे महत्त्वाचं नाही.) मशीन सेकंडहँड घेतलेलं, त्यावर कर्ज, आणि महिन्याच्या पाच तारखेला हप्ता. दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी या मशीनने नखरे सुरू केले. चालता चालता मध्येच मॉनिटरवर 'कम्युनिकेशन एरर' यायचा, इंजिन आपोआप मंद व्हायचं, बूम जड पडायची. बंद करून पुन्हा चालू केलं की तासभर ठीक, मग परत तेच.

सर्व्हिस इंजिनिअर आले. लॅपटॉप लावला. कोड निघाले. सर्वांत जास्त तक्रारी पंप कंट्रोलरच्या नावावर होत्या, म्हणून निदान झालं की पंप कंट्रोलर गेला. नवीन कंट्रोलर मागवला, किंमत सव्वा लाखाच्या घरात. तो यायला नऊ दिवस लागले. तोपर्यंत मशीन उभं, क्रशर उभा, डंपर उभे. ऑपरेटर काकांना पगाराशिवाय रोजचा भत्ता मिळतो, पण तो मशीन चाललं तरच. मशीन उभं तर भत्ताही उभा, आणि दिवाळी तोंडावर! अखेर नवा कंट्रोलर बसला, मशीन दोन दिवस झकास चाललं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा 'कम्युनिकेशन एरर'. इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की परत घेत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

अशा वेळी मी सुट्टीला गेले. जेवताना मामा म्हणाला, "काय गं इंजिनिअर, तू इलेक्ट्रॉनिक्सची ना? बघ की जरा."

मला आतून उकळ्या फुटल्या. कारण कॅन बस हा प्रश्न मी नुकताच युनिट टेस्टला लिहिला होता, आठपैकी सात मार्क! बॉश कंपनीने १९८६ साली डेट्रॉइटमध्ये ही पद्धत जाहीर केली, १९९३ साली तिचं आयएसओ ११८९८ हे स्टँडर्ड आलं, जड वाहनांसाठी तिच्यावर आधारलेलं जे१९३९ वापरतात, त्यात २९ बिटांचा आयडेंटिफायर असतो... सगळं तोंडपाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजचा मल्टिमीटर बॅगेतून काढून मी ऐटीत खाणीवर गेले. केबिनमधलं डायग्नोस्टिक कनेक्टर उघडलं. नऊ पिना. आणि तिथेच माझी बॅटरी उतरली. यातल्या कुठल्या दोन पिनांत काय मोजायचं? आकडा किती आला तर बरोबर? यातलं एक अक्षरही मी सात मार्कांच्या उत्तरात लिहिलेलं नव्हतं.

तरी हार कशी मानायची? मी मीटर ओहमवर ठेवला आणि अंदाजाने दोन पिनांना टोकं लावली. आकडा नुसता नाचत होता. मागे गावातले वायरिंगवाले दादा उभे होते. मामाने त्यांनाही बोलावून ठेवलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, आधी बॅटरी बंद करा. चालू लाइनवर ओहम मोजत नसतात."

हे वाक्य आपल्याला पहिल्या वर्षाच्या बेसिक इलेक्ट्रिकलच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सांगितलेलं आहे. मी ते जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवूनही घेतलं होतं!

आता इथे थोडी तांत्रिक माहिती सांगणं भाग आहे. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनी आणि ऑफिसमधल्या मंडळींनी घाबरू नये. कॅन बस म्हणजे आपल्या हॉस्टेलचा कॉरिडॉर समजा. इंजिनचा कंट्रोलर, पंपाचा कंट्रोलर, मॉनिटर हे सगळे या कॉरिडॉरमधल्या खोल्यांत राहतात. कुणी दार उघडून ओरडला की सगळ्यांना ऐकू जातं. दोघे एकदम ओरडले तर ज्याचा निरोप जास्त महत्त्वाचा, म्हणजे ज्याचा नंबर लहान, तो बोलत राहतो आणि दुसरा आपणहून गप्प बसतो. (आपल्या कॉरिडॉरपेक्षा एवढी एकच गोष्ट वेगळी!) हा कॉरिडॉर म्हणजे प्रत्यक्षात एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी. जे१९३९ च्या रिवाजाप्रमाणे एक पिवळी आणि एक हिरवी. पिवळी हाय, हिरवी लो. कुणी बोलत नसेल तेव्हा दोन्हींवर अडीच व्होल्ट. कुणी बोललं की पिवळी साडेतीनकडे जाते, हिरवी दीडकडे येते. फरक दोघींमधला मोजला जातो, त्यामुळे बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच आला तरी बिघडत नाही.

कॉरिडॉर मोकळा असेल तर आवाज भिंतीवर आपटून परत येतो. तसं होऊ नये म्हणून दोन्ही टोकांना जणू एकेक गोधडी टांगलेली असते. ती गोधडी म्हणजे १२० ओहमचा रेझिस्टर. दोन टोकांना दोन, दोन्ही पॅरलल. १२० आणि १२० पॅरलल म्हणजे साठ. बारावीचा फॉर्म्युला! म्हणजे बॅटरी तोडून पिवळ्या आणि हिरव्या वायरीत मोजलं की साठच्या आसपास आलं पाहिजे. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर तरी गेलाय किंवा त्याच्याकडे जाणारी वायर तुटलीय. चाळीस आले तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर घुसडलाय. (चाळीसला आपण पास होतो, पण बस नापास होते.) शून्याच्या जवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना टेकल्या आहेत. नऊ पिनांच्या त्या गोल कनेक्टरमध्ये यासाठी सी आणि डी या दोन पिना असतात. झालं! एवढंच मोजायचं होतं.

दादांनी बॅटरी बंद केली आणि मोजलं. साठ. मी मनात म्हटलं, चला, बस तर ठणठणीत आहे, म्हणजे खरंच कंट्रोलरच असेल. पण दादा थांबले नाहीत. ते ऑपरेटर काकांकडे वळले आणि विचारलं, "कधीपासून होतंय?"

काका लगेच म्हणाले, "खंडेनवमीला मशीन धुतलं ना, तवापासून. आणि ब्रेकर लावला, हादरा बसला की जास्त होतंय. म्या त्या लॅपटॉपवाल्या सायबालापण सांगितलं हुतं. ते म्हणले, कोड काय सांगतोय ते बघू."

खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करतो. पोकलेनलाही झेंडूची माळ घालतात, नारळ फोडतात, आणि त्याआधी मशीन चकाचक धुतात. मामाकडे यंदा प्रेशर वॉशर नवीन आला होता. पोरांनी उत्साहाच्या भरात इंजिनच्या कप्प्यातही पाण्याचा फवारा मारला होता.

मग दादांनी मला मीटर धरायला सांगितलं आणि स्वतः इंजिनच्या मागे जाऊन वायरिंगचा जुडगा एकेक वीत हलवायला लागले. "साठ... साठ... साठ..." मी ओरडत होते. एका कनेक्टरपाशी त्यांनी हात लावला आणि मीटरवर एकदम १२०. सोडला, साठ. हलवला, १२०. कनेक्टर उघडलं तर आतलं रबरी सील सरकलेलं आणि हिरव्या वायरीची पिन कळकट हिरवी झालेली. पाणी शिरून गंजली होती. हादरा बसला की तिथला संपर्क सुटायचा, इंजिनचा कंट्रोलर आणि त्याच्या बाजूचा रेझिस्टर बाकीच्यांपासून तुटायचा. दादांनी पिन आणि सील बदललं. खर्च किती? दादांच्या मजुरीसह सातशे रुपये.

म्हणजे पंप कंट्रोलर गुन्हेगार नव्हताच. तो फक्त सर्वांत मोठ्याने तक्रार करत होता! जे१९३९ मध्ये प्रत्येक बिघाडाच्या कोडला दोन आकडे असतात. पहिला सांगतो कशाबद्दल तक्रार आहे, दुसरा सांगतो तक्रार कशा प्रकारची आहे. दुसरा आकडा ९ असेल तर त्याचा अर्थ, 'ठरलेल्या वेळात निरोप आला नाही'. समजा, मेसची घंटा एका खोलीत ऐकू आली नाही आणि त्या खोलीतल्या मुलीने रेक्टरकडे तक्रार केली. मग तुम्ही त्या मुलीलाच हॉस्टेलमधून काढणार का? आपण मात्र सव्वा लाख रुपये देऊन तेच केलं. जो म्हणाला 'मला ऐकू आलं नाही', त्यालाच बदललं.

आता मुख्य मुद्द्यावर येते. नुसता किस्सा सांगायला मी हे लिहिलेलं नाही.

माझं स्पष्ट मत आहे की आपल्याला सगळ्या गोष्टी 'चालू असताना कशा चालतात' एवढंच शिकवतात. 'बंद पडताना कशा बंद पडतात' हे कुणी शिकवत नाही. आठवून पाहा. प्रॅक्टिकलला किट चालेना तर आपण काय करतो? लॅब असिस्टंट मामांना हाक मारतो. ते दुसरा किट देतात. तोही नाही चालला तर शेजारच्या बॅचची रीडिंग्ज उतरवून घेतो. म्हणजे जो खरा शिकण्याचा क्षण, तोच आपण किट बदलून टाळतो. मग उद्या साइटवर जाऊन आपण कंट्रोलर बदलला तर त्यात नवल ते काय? त्या सर्व्हिस इंजिनिअरला मी नावं ठेवणार नाही. ते आपल्यासारख्याच कुठल्यातरी कॉलेजातून पास झालेले. त्यांच्यामागे त्या दिवशी आणखी दोन मशीनं थांबलेली होती. त्यांनी तेच केलं जे आपण लॅबमध्ये चार वर्षं करतो!

काही जण म्हणतील, "आपल्याला कुठे पोकलेन दुरुस्त करायचंय? आपण सगळे आयटीत जाणार." माझ्या रूममेटने तर हा लेख वाचून हेच विचारलं. पण प्रश्न पोकलेनचा नाही. ज्याची तक्रार आली तो दोषी असतोच असं नाही, ही गोष्ट सॉफ्टवेअरलाही तितकीच लागू आहे. शिवाय ही यंत्रं दिवसेंदिवस जास्त इलेक्ट्रॉनिक होत चालली आहेत. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना आपल्या देशात १ एप्रिल २०२१ पासून धुराचे बीएस सीईव्ही ४ आणि १ जानेवारी २०२५ पासून त्यापुढचे पाचव्या टप्प्याचे नियम लागू झाले. धूर मोजायचा आणि आवरायचा म्हणजे आणखी सेन्सर आले, आणखी निरोप आले, आणखी कनेक्टर आले. खाणीत, रस्त्यावर, धरणावर ही यंत्रं उभी राहतील तेव्हा ती बघायला कुणीतरी लागणारच ना?

दुसरी बाजू अशी की, 'कॉलेजात काही नसतं, सगळं मिस्त्रीलाच कळतं' हेही मला मान्य नाही. तसं म्हणणं सोपं आहे, टाळ्याही मिळतात. पण मी दादांना विचारलं, "दादा, साठच का आलं पाहिजे?" तर ते म्हणाले, "ते नाही माहीत ताई. साठ आलं पाहिजे एवढं ठाऊक आहे. पुण्याच्या एका मिस्त्रीनं सांगितलं होतं." मग मी जमिनीवर दगडाने दोन रेझिस्टर काढून दाखवले. १२० आणि १२०, पॅरलल. चाळीस आले तर काय समजायचं तेही सांगितलं. दादांचा चेहरा बघण्यासारखा होता! म्हणाले, "अस्सं होय! मागं एका मशीनला चाळीस येत होतं, तीन दिवस डोकं खाल्लं होतं." त्या मशीनमध्ये आधीच्या कुणीतरी ज्यादा रेझिस्टर जोडला असणार. म्हणजे बघा, त्यांच्याकडे मोजण्याचा हात होता आणि माझ्याकडे त्यामागचं कारण. काकांकडे तर सगळ्यात मोठी गोष्ट होती, कधीपासून आणि केव्हा होतं याची माहिती. नऊ दिवस हे तिघे एकमेकांशी बोललेच नाहीत. लॅपटॉप मात्र सगळ्यांशी बोलत होता.

मग करायचं काय? नुसती टीका करून खाली बसणं मला पटत नाही, म्हणून तीन सूचना करते. आपल्या विभागाच्या सरांनी आणि मॅडमनी त्यांचा विचार करावा ही नम्र विनंती.

पहिली सूचना. आपल्या लॅबमध्ये एक 'बिघडलेला बोर्ड' असावा. एका प्लायवुडवर तीन-चार कंट्रोलर, दोन पिळाच्या वायरी, दोन रेझिस्टर आणि मधे चार कनेक्टर. फार खर्चाचं काम नाही. प्रॅक्टिकलच्या आधी लॅब असिस्टंट मामांनी त्यात गुपचूप एक बिघाड करून ठेवावा. कधी रेझिस्टर काढावा, कधी पिन सैल करावी, कधी एका कंट्रोलरचा वेग बाकीच्यांपेक्षा वेगळा ठेवावा. बॅचने मोजून तो शोधावा, आणि जर्नलमध्ये उत्तर नव्हे तर शोधण्याच्या पायऱ्या लिहाव्यात. चुकीच्या पायऱ्यासुद्धा! त्या उतरवून घेता येणार नाहीत, कारण पुढच्या बॅचला बिघाड दुसरा असेल.

दुसरी सूचना जरा कडू आहे. उन्हाळी ट्रेनिंगची सर्टिफिकेटं आपल्यातले कित्येक जण कशी आणतात, हे हॉस्टेलमध्ये कुणाला माहीत नाही? ओळखीच्या काकांच्या लेटरहेडवर सही, की झालं ट्रेनिंग! मीही गेल्या वर्षी तेच केलं, हे इथे कबूल करते. त्यापेक्षा चारच दिवस कुठल्याही गॅरेजात, क्रशरवर, साखर कारखान्यात जाऊन बसावं आणि एक बिघाड पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहून त्यावर दोन पानं लिहावीत. कॉलेजने तेवढंच मागावं, पण खरं मागावं.

तिसरी सूचना आपल्या सगळ्यांसाठी. मशीनला हात लावण्याआधी ते चालवणाऱ्याला तीन प्रश्न विचारायचे. कधीपासून होतंय? केव्हा जास्त होतंय? त्याच्या आधी मशीनवर काय काम झालं होतं? धुतलं होतं का, वेल्डिंग केलं होतं का (वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि कंट्रोलर सोडवून ठेवायचे असतात, आणि घाईत तेच राहून जातं), कुणी नवीन दिवा की टेप जोडला होता का? या प्रश्नांना ना लॅपटॉप लागतो, ना मीटर.

फक्त एक गोष्ट लागते. ती म्हणजे काकांना कळेल अशा भाषेत विचारता येणं आणि ते त्यांच्या भाषेत सांगतील ते ऐकून घेता येणं. खरं सांगते, 'टर्मिनेशन', 'इंटरमिटंट' हे शब्द मला सहज येतात. पण 'मधूनच संपर्क सुटतो' हे साधं वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा बोलले, आणि तेही दादांकडून ऐकून. कॅन बसवर सात मार्कांचं उत्तर लिहिणाऱ्या मुलीला काकांशी धड बोलता येत नव्हतं. हा लेख मराठीत का, याचं कारण हेच.

सुट्टी संपवून निघाले तेव्हा पोकलेन चालू होतं. काकांचे बुडालेले नऊ दिवसांचे भत्ते मामाने दिवाळीच्या पाडव्याला देऊन टाकले; सव्वा लाख मात्र कुणीच देणार नाही. जुना कंट्रोलर अजून मामाच्या ऑफिसात कपाटावर ठेवलेला आहे. ठणठणीत आहे तो. मामा म्हणतो, "राहू दे तिथेच, आठवण म्हणून."

यंदा खंडेनवमीला मशीन धुताना कनेक्टरांवर प्लास्टिक बांधायचं, हे मात्र पक्कं ठरलंय. ती जबाबदारी काकांनी स्वतःकडे घेतलीय. आणि बोर्डाची जबाबदारी? विभागात कुणी पुढाकार घेणार असेल तर प्लायवुड आणायला मी तयार आहे. मीटर माझ्याकडे आहे, आणि आता बॅटरी आधी बंद करायची हेही मला चांगलंच कळलंय!